फसलेल्यालाच दोषी धरणाऱ्या देशाला शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुण

मागच्या वर्षी आमच्या वसतिगृहातल्या एका ज्युनिअर मुलाच्या खात्यातून नऊ हजार रुपये गेले. शिष्यवृत्तीचा हप्ता दोनच दिवसांपूर्वी जमा झाला होता, तोही सात महिने उशिरा. फोनवरच्या माणसाला त्याचं नाव, कॉलेज, अर्जाचा क्रमांक, सगळं ठाऊक होतं. पडताळणी राहिली आहे, ती आत्ता केली नाही तर पुढचा हप्ता अडकेल, असं तो म्हणाला. सात महिने हप्त्याची वाट पाहिलेल्या मुलाला घाबरवायला याहून जास्त काही लागत नाही.

आम्ही दोघं पोलीस ठाण्यात गेलो. तिथल्या साहेबांनी कागद हातात घेण्याआधीच विचारलं, "एवढा शिकलेला असून फसलास?" बाहेर आल्यावर तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "दादा, माझ्या बापाला तालुक्याच्या बँकेत असंच ऐकावं लागलं होतं. फक्त त्यांना म्हणाले होते, अडाणी आहेस, फसणारच."

बाप शिकला नाही म्हणून दोषी, मुलगा शिकला म्हणून दोषी. चोर दोन्ही वेळा मोकळा आणि बँकही दोन्ही वेळा मोकळी. आपल्यापैकी ज्यांच्या घरात पहिली पदवी आपल्याच हातात आली, त्यांना या दोन वाक्यांचा अर्थ समजावून सांगायची गरज नाही.

तरीही हा लेख त्या ठगाबद्दल नाही आणि त्या साहेबांबद्दलही नाही. आर्थिक आणि सायबर फसवणुकीशी एखादा देश किती चांगला लढतो, हे जगात ज्या पट्टीने मोजलं जातं, त्या पट्टीबद्दल आहे. कारण त्या पट्टीवर आपला देश उत्तम उतरतो आणि आमचे नऊ हजार तिच्यावर कुठेच दिसत नाहीत.

आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ ही संयुक्त राष्ट्रांची संस्था. तिच्या २०२४ च्या जागतिक सायबरसुरक्षा निर्देशांकात भारताला १०० पैकी ९८.४९ गुण मिळाले आणि पहिल्या श्रेणीतल्या ४६ देशांमध्ये आपली गणना झाली. या श्रेणीतल्या देशांनी इतरांपुढे आदर्श ठेवावा, असं अपेक्षित आहे. गुण पाच बाबींवर मिळतात: कायदे, तांत्रिक यंत्रणा, संस्थात्मक रचना, प्रशिक्षण आणि सहकार्य. प्रश्नावली देशांकडे जाते, देशाचे अधिकारी उत्तरं भरतात आणि संघ ती तपासतो. कायदा आहे का? आहे. संस्था आहे का? आहे. जनजागृती मोहीम आहे का? आहे. हा निर्देशांक फसवणुकीचा नाही, सायबरसुरक्षेच्या तयारीचा आहे, हे खरं. पण मंत्र्यांच्या भाषणात आणि वर्तमानपत्राच्या मथळ्यात तो येतो तेव्हा देश सुरक्षित झाल्याची पावती म्हणूनच येतो.

त्याच वर्षी वित्तीय कृती दलाने म्हणजे एफएटीएफने भारताचा मूल्यमापन अहवाल प्रसिद्ध केला. ४० शिफारशींपैकी ३७ बाबतीत भारताची स्थिती पूर्ण किंवा बरीचशी समाधानकारक ठरली आणि देश 'नियमित पाठपुरावा' या वरच्या गटात गेला. बँक खाती गरिबांपर्यंत पोचवल्याबद्दल कौतुकही झालं. फसवणूक आणि सायबर फसवणूक हे इथल्या काळ्या पैशाचे मोठे उगम आहेत आणि खटले निकाली निघायला फार वेळ लागतो, हेही त्याच अहवालात आहे. मथळा कौतुकाचा झाला.

तिसरी मोजणीही २०२४ ची. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या पुढाकाराने झालेल्या जागतिक सायबरगुन्हे निर्देशांकात ९२ तज्ज्ञांना विचारलं गेलं की सायबर गुन्हेगारी कोणत्या देशांतून चालते. त्यात रशिया पहिला आणि भारत दहावा.

म्हणजे एकाच वर्षात आपण एका यादीत आदर्श आणि दुसऱ्या यादीत गुन्हेगारीचा दहाव्या क्रमांकाचा अड्डा. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात विसंगती दिसत नाही. पहिली यादी राज्ययंत्रणेला विचारते, तुझ्याकडे काय काय आहे. दुसरी तज्ज्ञांना विचारते, चोर कुठे बसतो. ज्याचं चोरीला गेलं त्याला कोणीच विचारत नाही. दोन्ही मोजण्यांत तो माणूसच नाही.

आता आपल्याच सरकारचे आकडे घेऊ. गृह मंत्रालयाने संसदेत दिलेल्या माहितीनुसार सायबर फसवणुकीत लोकांनी २०२३ मध्ये ७,४६५ कोटी आणि २०२४ मध्ये २२,८४५ कोटी रुपये गमावले. एका वर्षात तिप्पट. १९३० या मदत क्रमांकामागची यंत्रणा २०२१ मध्ये सुरू झाली. तेव्हापासून २०२५ च्या मध्यापर्यंत तिने 'वाचवलेली' एकूण रक्कम ५,४८९ कोटींच्या आसपास सांगितली गेली. चार वर्षांत वाचवलेलं सगळं मिळून एका वर्षात गेलेल्याच्या पाव भागाइतकं. आणि 'वाचवलं' याचा अर्थ मधल्या कुठल्यातरी खात्यात अडवलं, एवढाच. अडवलेले पैसे हातात पडायला आजवर बहुतेकांना न्यायालयाच्या आदेशाची वाट धरावी लागली. नऊ हजारांसाठी वकील कोण करतो?

दुसरा आकडा. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर २०२३ मध्ये पंधरा लाखांहून अधिक तक्रारी आल्या. त्याच वर्षी राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात देशभरात नोंदलेले सायबर गुन्हे आहेत ८६,४२०. अनेक तक्रारी मिळून एक गुन्हा होऊ शकतो, हे मान्य करूनही हिशोब ढोबळमानाने असा: शंभर तक्रारींमागे सहा गुन्हेसुद्धा नाहीत. बाकीच्यांच्या हातात एक पोचपावती. कुठल्या तक्रारी त्या सहांत येतात आणि कुठल्या उरलेल्या चौऱ्याण्णवांत जातात, हे कोणी प्रसिद्ध करत नाही. आपण अंदाज करू शकतो. साहेबांनी ज्याला खुर्ची दिली त्याची तक्रार आणि ज्याला उभं ठेवलं त्याची तक्रार सारख्याच वेगाने सरकत नाही. हे समजायला सर्वेक्षण लागत नाही, पण सरकारला पटवून द्यायला लागतं. म्हणून मोजणीचा आग्रह.

आता बँकेकडे वळू. रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाच्या बाजूचं मानलं जातं आणि काही अंशी ते आहेही. तिसऱ्याच कोणी तुमच्या परवानगीशिवाय पैसे काढले आणि तुम्ही कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं, तर तुमची जबाबदारी शून्य. ग्राहकाची चूक सिद्ध करायची ती बँकेने. पण त्यात एक दार उघडं ठेवलं आहे, त्याचं नाव निष्काळजीपणा. पिन, पासवर्ड तुम्ही सांगितलात, तर बँकेला कळवेपर्यंतचं सगळं नुकसान तुमचं. आणि फसवून तुमच्याच बोटाने पैसे पाठवायला लावले, तर तो व्यवहार 'अनधिकृत' आहे की नाही इथूनच वाद. आजची फसवणूक बहुतांशी याच दारातून आत येते. चोराला तिजोरी फोडावी लागत नाही, तो मालकाकडूनच उघडून घेतो.

निष्काळजी. हा शब्द आपल्या ओळखीचा आहे. शेकडो वर्षं अक्षराला हात लावू दिला नाही आणि मग अडाणी म्हणून लुटलं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात कचेऱ्यांतले भट कामगार आणि सावकार निरक्षर कुणब्याला कागदात कसं गुंडाळतात, याची बारीकसारीक हकिकत आहे. त्या काळी अंगठा कर्जरोख्यावर उठत होता. आज तो गावातल्या बँक प्रतिनिधीच्या यंत्रावर उठतो. यंत्र म्हणतं व्यवहार झाला नाही, पुन्हा लावा. बाई पुन्हा लावते. पैसे दोनदा जातात, हातात एकदाच येतात. पावती इंग्रजीत. यात निष्काळजी कोण? ती बाई, की तिला खातं देऊन तिच्या भाषेतली पावती न देणारी बँक?

पन्नास कोटींहून अधिक जनधन खाती उघडली, हे कौतुकाने सांगितलं जातं. आपल्या आयाबायांना बाजाराच्या मध्यभागी उभं केलं आणि रस्ता ओलांडण्याची जबाबदारी त्यांच्यावर टाकली. 'रुको, सोचो' असा सल्ला पंतप्रधानांनी २०२४ मध्ये आकाशवाणीवरून दिला. पुढे कित्येक महिने प्रत्येक फोनआधी सावधगिरीची टेप ऐकायला लागली. जागृती वाईट नाही. पण जागृती हाच उपाय म्हटला की फसणं हा अपराध होतो.

यापेक्षा वेगळा नियम जगात आहे. ब्रिटनमध्ये ७ ऑक्टोबर २०२४ पासून, ग्राहकाने फसवणुकीला बळी पडून स्वतःच्या हाताने पैसे पाठवले असले, तरी बँकेने ते परत द्यायचे असा नियम लागू झाला. मर्यादा ८५,००० पौंड, मुदत सर्वसाधारणपणे कामकाजाचे पाच दिवस. भार निम्मा पाठवणाऱ्या बँकेवर, निम्मा ज्या बँकेत चोराचं खातं होतं तिच्यावर. ग्राहक अतिशय बेफिकीर वागला असं म्हणायचं असेल तर ते बँकेने सिद्ध करायचं. आणि ग्राहक असुरक्षित स्थितीतला असेल, तर बेफिकिरीची सबबही चालत नाही.

हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. तिथे दुर्बलता हे संरक्षणाचं कारण आहे. इथे तोच दोषाचा पुरावा. ब्रिटन म्हणजे काही स्वर्ग नाही, तिथल्या गरिबांची आणि वर्णभेद सोसणाऱ्यांची गाऱ्हाणी वेगळी आहेत. पण एवढं तर सिद्ध होतं की नुकसान कोणाच्या माथी मारायचं, हा तंत्रज्ञानाचा प्रश्न नाही. तो निर्णय आहे. चोराचं खातं ज्या बँकेने उघडलं तिला निम्मे पैसे भरावे लागले, की ती खाती उघडताना नीट बघायला लागते.

आता आणखी एक प्रश्न, जो कुठल्याच निर्देशांकात नाही: फसवणूक म्हणायचं कशाला?

हिमाचल प्रदेशात स्पितीच्या आदिवासी भागातल्या सरकारी शाळांमधल्या मुलांना पाच वर्षं शिष्यवृत्तीच मिळाली नव्हती. चौकशी सुरू झाली तेव्हा अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय आणि अल्पसंख्याक विद्यार्थ्यांच्या नावावरचा २५० कोटींहून अधिकचा घोटाळा पुढे आला. २०१९ मध्ये सीबीआयने गुन्हा दाखल केला. आरोप खासगी शिक्षणसंस्थांवर आणि अधिकाऱ्यांवर होते. झारखंडमध्ये २०२० साली 'इंडियन एक्सप्रेस'च्या बातमीदारांनी अल्पसंख्याक मुलांच्या शिष्यवृत्तीची लूट उघड केली. तिथे दलाल, शाळांमधले लोक आणि बँक प्रतिनिधी यांनी मुलांचे आणि पालकांचे आधार क्रमांक व बोटांचे ठसे वापरून पैसे उचलले होते.

ही आर्थिक फसवणूक नाही? यात आधार आहे, बँक आहे, पोर्टल आहे, बनावट ओळख आहे. पण तिला 'शिष्यवृत्ती घोटाळा' म्हणतात आणि समाजकल्याणाच्या फायलीत टाकतात. सायबर फसवणुकीचा चेहरा म्हणून वर्तमानपत्रात येतो तो निवृत्त अधिकारी, डॉक्टर, उद्योगपती. 'डिजिटल अरेस्ट'ची दखल सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये स्वतःहून घेतली आणि डिसेंबरमध्ये तपास सीबीआयकडे दिला. योग्यच केलं. म्हातारपणाची पुंजी गेलेल्या माणसाचं दुःख खोटं नाही. माझं म्हणणं इतकंच की स्पितीच्या मुलांसाठी कोणाच्या फोनवर कसली टेप वाजली नाही.

आणि जिथे आपली मुलं मोजली जातात, ती जागाही बघा. म्यानमार आणि कंबोडियातल्या फसवणूक-कारखान्यांत लाखोंना डांबून काम करून घेतलं जात असल्याचा अंदाज संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने २०२३ मध्ये दिला होता. मार्च २०२५ मध्ये भारत सरकारने तिथून सुटलेल्या पाचशेहून अधिक भारतीयांना विमानांनी परत आणलं. संगणकावरच्या नोकरीच्या जाहिरातीला भुलून गेलेले पदवीधर आधी फसतात आणि मग मारहाणीच्या भीतीने दुसऱ्यांना फसवतात. देशात राहणारा बेरोजगार दोन-चार हजारांसाठी आपलं खातं वापरायला देतो आणि पहिली बेडी त्याच्याच हातात पडते. साखळीच्या वरच्या टोकापर्यंत पोलीस क्वचितच पोचतात. ज्याचा काहीच दोष नाही असा भाजीवाला, चहावाला यांचंही खातं गोठतं, कारण चोरीच्या पैशातले दोनशे रुपये कोणीतरी त्याच्या क्यूआर कोडवर टाकलेले असतात. वादातली रक्कम तेवढीच अडवा, पूर्ण खातं नको, असं केरळ उच्च न्यायालयाला २०२३ मध्ये सांगावं लागलं. गोठलेल्या खात्यांची ही संख्या यंत्रणेच्या यशात जमा होते. त्या घरात त्या आठवड्यात चूल कशी पेटली, हे कुठे जमा होतं?

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग तुरुंगांचा वार्षिक अहवाल काढतो. त्यात कैद्यांची वर्गवारी अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्गीय अशी दिलेली असते. तोच विभाग सायबर गुन्ह्यांचे तक्ते काढतो. त्यात स्त्रियांचा तक्ता आहे, बालकांचा आहे, गुन्ह्यामागच्या हेतूंचाही आहे. लुटलेल्यांच्या जातीचा नाही. आत कोंडायचं तेव्हा आमची जात मोजता येते, आमचं लुटलेलं परत द्यायचं तेव्हा मोजता येत नाही.

मोजणीतलं हे राजकारण बाबासाहेबांनी फार पूर्वी पकडलं होतं. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे अस्पृश्यांच्या संख्येचा प्रश्न आला. तोवर ती संख्या कोणाला खुपत नव्हती. तिच्यावर मताधिकार आणि प्रतिनिधित्व ठरणार म्हटल्यावर प्रांताप्रांतांतून ती अचानक घटायला लागली, आमच्याकडे अस्पृश्य फारसे नाहीतच, अशी निवेदनं आली. बाबासाहेब त्या समितीचे सदस्य होते. या अनुभवावरच्या त्यांच्या लिखाणाचं शीर्षकच 'फ्रॉम मिलियन्स टू फ्रॅक्शन्स' असं आहे. हक्क द्यायची वेळ आली की माणसं आकड्यांतून गळतात, हे ते आपल्याला सांगून गेले.

कोणी म्हणेल, चोर जात विचारून फोन करत नाही. खरं आहे. पण फोननंतर जे सुरू होतं, त्या प्रत्येक पायरीवर जात उभी असते. बँकेच्या व्यवस्थापकाशी कोण कोणत्या भाषेत बोलू शकतो, पोलीस ठाण्यात कोणाच्या ओळखीचं कोण आहे, नात्यात वकील कोणाच्या आहे, पैसे अडकले तर चार महिने कोण तग धरू शकतो. पन्नास लाख गमावलेल्याकडे घर उरतं. नऊ हजार गमावलेल्या मुलाची मेस बंद होते. निर्देशांकात पहिला मोठा बळी आणि दुसरा किरकोळ.

कोणी म्हणेल, तक्रारीच्या अर्जात जात विचारली तर तक्रारदाराला त्याचाच त्रास होईल. ही शंका रास्त आहे. म्हणून ती माहिती ऐच्छिक ठेवा, तपास अधिकाऱ्याला दिसू देऊ नका, फक्त एकत्रित आकडे छापा. तेही नको असेल तर बँकांकडे आत्ता आहे तेवढं तरी उघड करा: मूलभूत बचत खाती किती लुटली गेली, शिष्यवृत्ती आणि पेन्शन जमा होणारी खाती किती, दहा हजारांखालच्या तक्रारींचं पुढे काय झालं.

देशाची पट्टी बदलायची असेल तर साधे प्रश्न पुरेसे आहेत. शंभर तक्रारींतले किती गुन्हे नोंदले गेले? गेलेल्या शंभर रुपयांतले किती, ज्याचे गेले त्याच्या हातात परत पडले आणि किती दिवसांत? लहान रकमांचं आणि मोठ्या रकमांचं प्रमाण सारखं आहे का? नुकसान त्या घराच्या किती महिन्यांच्या कमाईइतकं होतं? निर्दोष खाती किती दिवस गोठून राहिली? आणि कोणत्या बँकेने, कोणत्या दूरसंचार कंपनीने आपल्या खिशातून भरपाई दिली? या प्रश्नांवर मिळालेले गुण मला दाखवा, मग आदर्श देश कोणता ते ठरवू.

तोवर आपण काय करायचं? पैसे गेले की लाज वाटू देऊ नका, ताबडतोब १९३० ला फोन करा आणि त्याच दिवशी बँकेला लेखी कळवा, पोच घ्या. बँकेने तीस दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करा. त्याला शुल्क नाही आणि वकील लागत नाही. पोलीस गुन्हा नोंदवत नसतील तर वरिष्ठांना लेखी अर्ज द्या. आणि आपण जे शिकलो ते इथे वापरा. आपल्या जिल्ह्यात किती तक्रारी आल्या, किती गुन्हे नोंदले, किती रक्कम परत दिली, हे माहितीच्या अधिकारात विचारा. एका वसतिगृहातल्या दहा जणांनी दहा जिल्ह्यांना विचारलं तरी जी यादी तयार होईल ती आजच्या कुठल्याही निर्देशांकात नाही.

त्या मुलाचे नऊ हजार अजून आलेले नाहीत. मधल्या काळात त्याने माहिती अधिकाराचा पहिला अर्ज लिहिला आणि मला तपासायला आणून दिला. मी एकच शब्द खोडला. त्याने लिहिलं होतं, 'माझ्या चुकीमुळे झालेली फसवणूक.' मी 'माझ्या चुकीमुळे' खोडून टाकायला सांगणार होतो, पण पेन त्याच्याच हातात दिलं. त्याने स्वतः रेघ मारली, आणि नीट, दोनदा मारली.

जय भीम.